यादीत नाव, अंगावर गंज

बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत. सुरतेच्या या भागांत मागावर, डाईंगमध्ये, मार्केटात राबणारा खान्देशी माणूस गावी निघाला की उधन्याला गाडीत बसतो. बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडतात, नवापूरला स्टेशनाच्या मध्यावरच गुजरात संपून महाराष्ट्र लागतो, आणि पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने ही वाट १९०० साली अमळनेरपर्यंत आणली. नाव तापीचं असलं तरी हा रूळ तापी ओलांडत नाही. तो तिच्या दक्षिणेने चालतो आणि तिला मिळायला निघालेल्या नद्या वाटेत ओलांडतो: बेटावदला पांझरा, अमळनेरला बोरी, जळगावच्या अलीकडे गिरणा. डोळा लागलेला असला तरी पूल आला हे चाकांच्या आवाजावरून कळतं.

उधना ते जळगाव हे सुमारे ३०७ किलोमीटर २०१८ पर्यंत दुहेरी झाले. आधीच्या पुलांशेजारी नवे पूल आले. देशभर हेच चालू आहे. खेड्यापाड्यांतल्या नद्यांवरचे जुने लोखंडी-पोलादी रेल्वेपूल एकेक करून निवृत्त होणार आहेत. त्यांना वारसा म्हणून यादीत घालावं, की उतरवून भंगारात द्यावं?

बमरोलीत ज्या दोघांचा यावरचा वाद मी ऐकला, ते मामा-भाची आहेत. मामा रेल्वेच्या पूल खात्यातून मिस्त्री म्हणून निवृत्त झाले. भाची सिव्हिल इंजिनिअर, एका खाजगी कंपनीत पुलांच्या तपासणीचं काम करते. जुन्या माणसाने जुन्याची बाजू घ्यावी अशी आपली अपेक्षा असते. इथे पूल जपायचे म्हणते ती भाची, आणि नको म्हणतात ते मामा. जुन्या पुलांवर लिहिणारे बहुतेक जण काठावरून फोटो काढतात. मामा गर्डरच्या पोटाखाली फळी बांधून त्यावर बसलेले आहेत, म्हणून त्यांचा नकार मला महत्त्वाचा वाटला.

भाची : मामा, आपल्या जवळचाच घ्या, भरूचचा नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज. काम सुरू झालं डिसेंबर १८७७ मध्ये, पूर्ण झालं १६ मे १८८१ ला. आराखडा सर जॉन हॉकशॉ यांचा, लांबी १४१२ मीटर, खर्च ४५ लाख ६५ हजार रुपये. बांधला रेल्वेसाठी. १९३५ मध्ये सिल्व्हर ज्युबिली पूल झाला, गाड्या तिकडे गेल्या, मग यावरून मोटारी चालल्या. २०२१ मध्ये शेजारी नर्मदा मैया पूल होईपर्यंत अंकलेश्वरच्या कामगारांचा भार यानेच वाहिला. आणि महीवरचा गंभीरा पूल? १९८५ चा, काँक्रीटचा. ९ जुलै २०२५ ला सकाळी तुटला, वीसहून जास्त माणसं गेली. चाळीस वर्षांचा पडतो आणि एकशेचाळीस वर्षांचा टिकतो. मग जुनं ते धोक्याचं, हे कुठून आलं?

मामा : तू उभे राहिलेले मोजतेस, पोरी. वाहून गेलेलेही मोज. गोल्डन ब्रिजच्या आधी तिथे पूल नव्हता का? होता. कर्नल केनेडीच्या वेळचा, १८६० च्या आसपासचा. बीबीसीआय रेल्वे कंपनीने तेव्हा सगळ्या नद्यांना एकच माप लावलं, साठ-साठ फुटांचे गाळे. खाली ओतीव लोखंडाच्या पोकळ नळ्या, त्यांच्या टोकाला स्क्रूसारखं पातं, आणि त्या नदीच्या तळात पिळून बसवलेल्या. स्वस्तात आणि झटपट. नर्मदेने तो पूल पुन्हा पुन्हा मोडला. म्हणून तर दुसरा बांधावा लागला. आज तू ज्याचं कौतुक करतेस तो पूल, जुना पूल जपत न बसल्यामुळे झाला.

भाची : ते मान्य. पण तो मोडला तो पायामुळे, लोखंड जुनं झालं म्हणून नाही.

मामा : पाया दिसतो का तुला? केरळात कडलुंडीला तसाच स्क्रूच्या खांबांचा पूल होता. २२ जून २००१, मेल गाडी वरून चालली होती. खांब गेला, डबे नदीत पडले, पन्नासच्या वर माणसं मेली. वरून बघणाऱ्याला पूल ठीकच वाटत होता.

भाची : म्हणूनच तपासणी हवी म्हणते मी.

मामा : तपासणी कशी करतात, सांग.

भाची : अल्ट्रासोनिक, खांबाच्या तळाशी पाणबुडे, आता ड्रोनसुद्धा…

मामा : ते साहेब लोक करतील. आम्ही कसं करायचो ते ऐक. हातात छोटी हातोडी, शंभर-सव्वाशे ग्रॅमची. रिव्हेटच्या एका डोक्यावर बोट ठेवायचं, दुसरं डोकं ठोकायचं. घट्ट असेल तर बोटाला काही कळत नाही. ढिला असेल तर झिणझिणी येते. हे एकाच रिव्हेटचं. असे हजारोंनी. रिव्हेट लालबुंद तापवून भोकात घालतात, ठोकून डोकं बसवतात. थंड होताना तो आखडतो आणि पत्रे आवळून धरतो. सगळा पूल त्या आवळण्यावर उभा असतो. एक ढिला झाला की त्याचं काम शेजारच्यावर जातं, मग तोही ढिला. ओळखायची खूण म्हणजे रिव्हेटच्या कडेने गंजाचं लाल पाणी ओघळलेलं असतं. तुमच्या ड्रोनला लाल ओघळ दिसेल, पण झिणझिणी कुठून कळेल?

(इथे मामा थांबले नाहीत, आणि मीही त्यांना थांबवलं नाही. पुढचं सगळं त्यांच्याच शब्दांत देतो, कारण पुलाच्या वारशावर लिहिताना हीच माहिती गळते.)

मामा : गंज कुठे लागतो? मोकळ्या पत्र्याला नाही. जिथे पाणी, धूळ आणि पाखरांची घाण साचते तिथे. स्लीपर टेकतो त्या वरच्या पट्टीवर, खालच्या कोपऱ्यातल्या सांध्यात. आणि डब्यांच्या संडासाचं पाणी! बायो-टॉयलेट येण्याआधी किती वर्षं ते गर्डरवरच पडत होतं. वरून रंग चकचकीत, आणि खरडलं की पत्र्याच्या खपल्या हातात. बेअरिंगचं वेगळंच. लोखंड उन्हात वाढतं. साठ मीटरचा गाळा असेल तर डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत इंचभर फरक पडतो. आपल्या नंदुरबार-जळगावच्या उन्हात तर पडतोच. त्याला सरकायला जागा पाहिजे म्हणून खाली रोलर असतात. त्यात माती भरली, ग्रीस सुकलं, की रोलर अडकतो. गाळा सरकू पाहतो, खांब सोडत नाही. मग खांबाच्या डोक्याला चीर पडते.

भाची : आणि पूर.

मामा : पूर तर आहेच. पुराच्या वेळी नदी खांबाच्या पायथ्याशी खड्डा करते आणि पाणी उतरताना त्याच खड्ड्यात रेती भरून टाकते. दसऱ्याला तू बघायला जा, तुला सपाट वाळू दिसेल. श्रावणात तिथे पुरुषभर खोल पोकळी होती हे कोण सांगणार? म्हणून पावसाळ्यात रात्री गस्त असते. गस्तवाला कंदील आणि पटाके घेऊन रुळावरून चालतो, खांबावरच्या लाल पट्ट्याशी पाणी आलं का बघतो. हा माणूस गाडी चालते तोवर असतो. गाडी बंद झाली की पूल उरतो, माणूस उरत नाही. तुझ्या यादीला माझा विरोध तिथे आहे.

भाचीने हे निमूट ऐकलं. पण ती हटली नाही. तिचा पुढचा मुद्दा मला आधी पुस्तकी वाटला होता, नंतर नाही.

भाची : तुम्ही आता जे बोललात ना मामा, ते ज्ञान रिव्हेटच्या पुलामुळे आहे. सुरतेजवळ राष्ट्रीय महामार्ग ५३ वर बुलेट ट्रेनसाठी ७० मीटरचा पोलादी पूल २०२३ मध्ये चढवला. ६७३ टन. त्याला रिव्हेट नाहीत, जोराने आवळलेले बोल्ट आहेत. भाग उत्तर प्रदेशात हापूडला तयार झाले आणि ट्रेलरवरून आले. उत्तम काम आहे. पण रिव्हेट तापवणारा, चिमट्याने फेकणारा, झेलणारा आणि ठोकणारा असा चौघांचा मेळ आता कुठेच लागणार नाही. पूल गेला की ती कारागिरी कुणाला दाखवायची? किल्ल्याची तटबंदी आपण जपतो, तिथे तरी आता कोण लढतंय?

मामा : तटबंदी पडली तर दगड खाली येतात. पूल पडला तर माणसं खाली जातात. आणि मला सांग, तू ज्याला १९०० चा म्हणशील त्या पुलात १९०० चं उरतं काय? स्लीपर लाकडाचे होते ते पोलादी झाले. कित्येक पुलांचे गर्डरसुद्धा मधे बदलले, खांब तेवढे तेच. इंजिनं जड झाली, मालगाडीच्या डब्याच्या एका आसावरचा भार आता २५ टनांवर गेला. समर्पित मालवाहू मार्गाचे पूल तर ३२.५ टनांच्या हिशेबाने बांधलेत. सुरुवातीच्या पोलादात फॉस्फरस जास्त असायचा, त्याला वेल्डिंग मानवत नाही, तडा जातो. त्याची डागडुजी करायची म्हणजे पुन्हा रिव्हेट. आता तूच म्हणालीस की ते करणारं कुणी नाही.

भाची : बदललं म्हणून वारसा संपत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मेनँगलला नेपियन नदीवर १८६३ चा रेल्वेपूल आहे. गाड्या जड झाल्या तेव्हा १९०७ मध्ये त्यांनी गाळ्यांच्या मधे आणखी खांब घातले. तो वारसा यादीतही आहे आणि त्यावरून गाड्याही जातात. स्कॉटलंडचा फोर्थ पूल १८९० चा. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, आणि अजून त्यावरून गाड्या धावतात. वापर आणि वारसा यांचं वैर नाही.

मामा : त्यांच्याकडे रंगाऱ्याला काढून टाकत नाहीत.

भाची : बरं, वापर संपलेला सांगते. जपानात आमारुबे नावाच्या खेड्यात समुद्रकाठी दरीवर पोलादी पूल होता, १९१२ चा. डिसेंबर १९८६ मध्ये वाऱ्याने रिकामी गाडी पुलावरून खाली फेकली. सहा माणसं मेली, त्यातली बहुतेक खालच्या खेकड्याच्या कारखान्यातली. २०१० मध्ये त्यांनी काँक्रीटचा नवा पूल बांधला आणि जुना उतरवला. पण सगळा नाही. एका टोकाचे काही खांब ठेवले आणि त्यांवर लोकांना उभं राहून समुद्र बघता येईल अशी जागा केली. तुमची भीती आणि माझा हट्ट, दोन्ही त्यात बसतात की नाही?

मामांनी याला पहिल्यांदा मान डोलावली. मग मोरबी काढलं. ते येणारच होतं.

मामा : मोरबीचा झुलता पूल. संस्थानच्या काळचा, लोक अभिमानाने बघायला जायचे. दुरुस्तीनंतर उघडला आणि आठवड्याच्या आत, ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला. १३५ माणसं. कितीतरी लेकरं. वारसा म्हटलं की गर्दी येते, गर्दी आली की तिकीट येतं, आणि तिकीट मोजणाऱ्याला तारा मोजायला वेळ नसतो. आपल्या पुण्याजवळ कुंडमळ्याला, इंद्रायणीवर, १५ जून २०२५. लोखंडी पादचारी पूल, धोक्याची पाटी लावलेली, रविवारची गर्दी. चौघं गेले. पाटीने पूल धरून ठेवला का?

भाची : नाही. आणि तो पूल तर इंग्रजांच्या काळचाही नव्हता. वापर बंद करायचा पण रस्ता मोकळा ठेवायचा, तिथे हे घडतं. अर्धवट सोडलेल्या पुलाला धनी नसतो. बिहारच्या रोहतास जिल्ह्यात, अमियावरला, एप्रिल २०२२ मध्ये चोरांनी पाटबंधारे खात्याची माणसं असल्याचं सांगून साठ फुटांचा लोखंडी पूलच गॅस कटरने कापून नेला. दिवसाढवळ्या, गावकऱ्यांच्या देखत. एकीकडे गर्दीखाली पडणारा पूल, दुसरीकडे चोरांनी कापून नेलेला. मी यादी मागते ती या दोन्हींच्या मधे काहीतरी असावं म्हणून.

मामा : यादीत घातलं की धनी मिळतो?

हा प्रश्न या वादाचा गाभा आहे असं मला वाटतं, आणि भाचीने त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं. रेल्वेची स्वतःची वारसा यादी आहे आणि तिच्यात इमारतींबरोबर पूलही आहेत, पण ती रेल्वेची अंतर्गत गोष्ट आहे. कायद्याचं कवच वेगळं. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तूला लागू होऊ शकतो. पण एकदा तो लागला की २०१० च्या दुरुस्तीनुसार भोवतालच्या शंभर मीटरांत बांधकामाला बंदी येते. रेल्वेच्या पुलाला हे कसं परवडणार? नवा रूळ जुन्याच्या शेजारूनच टाकतात. ताप्ती व्हॅलीचा एखादा पूल अशा यादीत असता तर दुसरा रूळ तिथेच अडला असता, आणि उधन्याहून गावी जाणाऱ्यांनी यादी करणाऱ्यांना शिव्या घातल्या असत्या. किल्ल्या-लेण्यांसाठी केलेला कायदा नदीवरच्या चालत्या रुळाला चढवायचा म्हणजे घोळच. या पुलांना त्यांच्या मापाचा नियम हवा, ज्यात शेजारी बांधायला मोकळीक असेल आणि देखभालीची सक्ती असेल. आज सगळं याच्या उलट आहे.

भाची : आपल्याकडेच एक वाट अर्धी उघडलीय, मामा. बिलिमोरा-वघई. गायकवाडांच्या बडोदा संस्थानाची लाईन, डांगचं सागवान उतरवण्यासाठी. ६३ किलोमीटर. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातेतल्या पाच छोट्या लाईन जपायचं ठरवलं, त्यात ती आहे आणि १८६२ ची डभोई-मियागामसुद्धा. पाच मिळून २०४ किलोमीटर. आणि दोनच वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, परवडत नाही म्हणून बिलिमोरा-वघई बंद करायला काढली. लोकांनी आरडाओरडा केला, सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. आता गाडी चालते, म्हणून पुलांवर माणूस जातो.

मामा : आणि आपली पीजे?

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. ५६ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, १९१९ ची. करोनात थांबली ती थांबलीच. आता तिथे मोठा रूळ बोदवडपर्यंत न्यायचा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा, पीजे म्हटल्यावर चेहरा बदलतो. मामांचाही बदलला.

मामा : मोठा रूळ व्हायलाच पाहिजे. जामनेरच्या पोराला कॉलेजला जायला गाडी पाहिजे, खेळणं नको. जुने छोटे गर्डर त्या गाडीला चालणारच नाहीत.

भाची : रुळासाठी नाहीच म्हणत मी. तुम्हीच सांगायचात ना, खेड्यात रेल्वेचा पूल हीच गावाची पायवाट असते म्हणून? पलीकडच्या शाळेत जाणारी पोरं, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया. गाडी आली की खांबावरच्या त्या छोट्या मचाणात अंग चोरून उभं राहायचं. पीजेचा गाळा छोट्या इंजिनाचं वजन पेलत होता. दहा-वीस माणसांचं आणि सायकलींचं वजन त्याला काहीच नाही. वर जाळीची फरशी, दोन्ही बाजूंना कठडा. जिथे नवा रूळ शेजारून जाईल तिथे जुना पूल गावाला द्यायचा.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अटी सांगायला सुरुवात केली, आणि भाचीने मोबाईलमध्ये त्या टिपून घेतल्या. त्या मी क्रम न लावता देतो. पूल गावाला देण्याआधी प्रत्येक सांधा खरडून बघायचा, रंगाखालचं बघायचं. ज्या गाळ्याचा भरवसा नाही तो उतरवायचा आणि काठावर जमिनीवर ठेवायचा, तिथे पोरांनी रिव्हेटला हात लावून बघावं. दोन्ही टोकांना फाटक, आणि पाणी लाल पट्ट्याला लागलं की फाटकाला कुलूप. किल्ली ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवायची नाही, राखणदाराच्या कमरेला पाहिजे. मोटारसायकल वर्ज्य, कारण एक गेली की मागून ट्रॅक्टर येतो. पावसाळ्यानंतर तळात काठी घालून खोली मोजायची, वाळू बघून परत यायचं नाही. रंगाचे पैसे आधीच बँकेत ठेवायचे, त्याचं व्याज दरवर्षी त्याच पुलाला. आणि पाटी लावायची असेल तर साहेबाच्या नावाखाली पुलावर राबलेल्या खलाशांचीही नावं, निदान ज्यांची रजिस्टरात सापडतील त्यांची.

भाची : म्हणजे तुम्ही यादीला हो म्हणालात.

मामा : यादीला नाही. राखणदाराला हो म्हणालो. ज्या पुलासाठी त्याचा पगार मंजूर होईल तेवढेच पूल ठेव. पाच होतील, दोन होतील. बाकीचे उतरव, नीट मोजमाप घेऊन, फोटो काढून उतरव. पन्नास पुलांची नावं लिहून एकालाही माणूस न देण्यात काय अर्थ आहे?

भाची : दोन फार कमी आहेत, मामा. एवढ्या नद्या आहेत आपल्याकडे. पगार मंजूर व्हायची वाट बघत बसले तर तोवर सगळे भंगारात गेलेले असतील. आधी नाव तरी लागू द्या, माणूस मी भांडून मिळवते.

मामा : आधी माणूस.

भाची : आधी नाव.

मी यात भाचीच्या बाजूला झुकतो. भंगाराचा लिलाव एका दिवसात होतो आणि तो उलटवता येत नाही. पण पूल यादीत घालण्यासाठी ती जो अर्ज करते आहे, तो तिने मोबाईलमध्ये टिपलेल्या अटींतली एकही गाळून जाऊ नये, असंही मला वाटतं. सध्या त्या अर्जात पीजेचे पूल आहेत, आणि राखणदाराच्या पगाराची रक्कम कुणाच्या खात्यातून यायची, रेल्वेच्या की जिल्हा परिषदेच्या, तो रकाना कोरा आहे. तो भरायला मामा पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर पाचोऱ्याला जाणार आहेत.